दोराच्या आधाराने डोंगरमाथा : रोपवे चालतो कसा आणि थांबतो का?

ब्राह्मणपुरी (ता. शहादा) : चैत्र लागला की खान्देशातील गावोगावचे भाविक सप्तशृंगगडाची वाट धरतात. मजल दरमजल करीत गडावर पोहोचल्यावर देवीच्या मंदिरापर्यंत अखेरच्या सुमारे पाचशे पायऱ्या उरतात. पायांत गोळे आलेल्या वृद्धांना याच पायऱ्या सर्वांत जड जात. २०१८ मध्ये तेथे ट्रॉली सुरू झाली आणि ही चढण काही मिनिटांवर आली. हीच मंडळी उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना रायगड दाखवायला नेतात तेव्हा तेथेही दोरावरचा पाळणा तयार असतो. गुजरातेत गिरनारला गेले तर २०२० पासून तेथेही तीच सोय झाली आहे. बोलताना आपण या तिन्ही सोयींना सरसकट 'रोपवे' म्हणतो. वस्तुतः ही तीन वेगवेगळ्या जातींची यंत्रे आहेत. त्यांची चाल वेगळी, मर्यादा वेगळ्या आणि त्यांत बिघाड झाल्यास होणारा परिणामही वेगळा.

प्रवाशाने तिकीट काढावे, बसावे आणि वर जावे; यंत्राची उठाठेव त्याला कशाला, असे कोणी म्हणेल. मात्र पावागड, देवघर, गुलमर्ग येथील गेल्या वीस-बावीस वर्षांतील दुर्घटनांच्या बातम्या वाचल्यावर ही उठाठेव अनाठायी वाटत नाही. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' ही रज्जुमार्गांची योजना जाहीर केल्यापासून महाराष्ट्रातील अनेक गड आणि तीर्थस्थानांची नावे या संदर्भात घेतली जात आहेत. तेव्हा हे साधन समजून घेणे अगत्याचे आहे.

रुळावरची, दोरावरची आणि फिरती

सप्तशृंगगडावरील ट्रॉली हवेत लोंबकळत नाही. ती उतारावर टाकलेल्या रुळांवरून धावते आणि तिला दोर ओढतो. अशा गाडीस फनिक्युलर म्हणतात. तिचा सारा भार जमिनीवर असतो, हा तिचा मोठा गुण. याचा अर्थ ती निर्धोक असते असा मात्र नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथील शंभर वर्षांहून जुनी ग्लोरिया फनिक्युलर दोर सुटल्याने उतारावरून घसरली आणि सोळा जण मरण पावले.

गिरनारचा रोपवे गोंडोला जातीचा आहे. तेथे एकच अखंड दोर वरच्या आणि खालच्या स्थानकांमध्ये गोल फिरत राहतो व आठ-आठ माणसांच्या केबिन त्यास पकडीने धरून पुढे सरकतात. स्थानकात शिरताच पकड सुटते, केबिन संथ होते, माणसे चढतात-उतरतात आणि पकड पुन्हा दोर धरते. सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा हा मार्ग अंबाजीच्या मंदिरापर्यंत जातो. काश्मिरात गुलमर्गला, जेथे दुसरा टप्पा प्रवाशाला समुद्रसपाटीपासून ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडतो, तेथेही गोंडोलाच आहे.

रायगडचा रज्जुमार्ग तिसऱ्या जातीचा. एका बाजूचे पाळणे वर निघाले की दुसऱ्या बाजूचे खाली येऊ लागतात. दोघांची निम्म्या वाटेवर गाठ पडते. विहिरीवरच्या कप्पीला दोन्ही टोकांस दोन घागरी बांधल्या की भरलेली वर येते आणि रिकामी आत उतरते, तोच हा हिशेब. वर चढणाऱ्या पाळण्याचे वजन उतरणाऱ्या पाळण्याने बरेचसे तोलले जाते. त्यामुळे मोटारीला दोघांतील फरकाचे वजन आणि घर्षण एवढेच ओढावे लागते. सकाळी वर जाणाऱ्यांची गर्दी असते आणि खाली येणारे पाळणे रिकामे असतात, तेव्हा मोटारीवर सर्वाधिक ताण येतो. संध्याकाळी उलट घडते. त्या वेळी यंत्राचे मुख्य काम ओढण्याचे नसून आवरून धरण्याचे असते.

हिरकणीवाडीहून चार मिनिटे

रायगडचा रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला. पाचाडजवळ हिरकणीवाडी येथे त्याचे खालचे स्थानक आहे. मार्गाची लांबी सुमारे ७५० मीटर आणि चढ सुमारे ४०० मीटर. वर पोहोचण्यास साधारण चार मिनिटे लागतात. म्हणजे पाळण्याचा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास पडतो. सायकलवाला सपाट रस्त्यावर याहून वेगाने जातो. तरीही प्रथमच बसणाऱ्यास हा वेग विलक्षण वाटतो, कारण शंभर मीटर पुढे सरकताना पाळणा साठ मीटरहून अधिक उंच चढत असतो. सह्याद्रीतील कोणत्याही घाटरस्त्याला असा चढ परवडणार नाही.

खालचे स्थानक सुटताच पहिल्या काही क्षणांत झाडांचे शेंडे पायाखाली येतात. मग कातळ जवळ येऊ लागतो. पावसाळ्यात त्यावरून पाण्याच्या धारा उतरत असतात आणि ढग इतके खाली असतात की वरचा दोर पुढे धुक्यात विरून जातो. पाळणा कोठे चालला आहे ते दिसत नाही. हिवाळ्यातील स्वच्छ सकाळी मात्र खोऱ्यातील वाड्या, शेतांचे तुकडे आणि भोवतीच्या डोंगररांगा एकेक करून उलगडतात. उंची अशी थोडक्या वेळात वाढल्याने काहींचे कान गच्च होतात; आवंढा गिळला की मोकळे होतात. उंचीची धास्ती असणाऱ्यांनी खाली न पाहता समोरच्या डोंगराकडे नजर ठेवावी. हा उपाय साधा असला तरी लागू पडतो.

या स्थानकाच्या गावाला हिरकणीचे नाव असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर घरी असलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने जो कडा उतरण्याची कोणी कल्पनाही केली नव्हती तो कडा उतरून गेलेली गवळण, आणि ते कळल्यावर महाराजांनी तेथे बांधविलेला बुरूज, ही कथा मराठी घरात सांगावी लागत नाही. कथेचे तात्पर्य काढणारे आईच्या मायेवर थांबतात. गडाच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यात दुसरी गोष्टही आहे : जेथून माणूस उतरू शकतो तेथून तो चढूही शकतो, आणि म्हणूनच तेथे बुरूज हवा. ज्या गडाची सारी रचना वर येणाऱ्याला अडविण्यासाठी झाली, त्या गडावर आज पाळणा चार मिनिटांत नेऊन सोडतो.

येथे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. पाळण्याने येणारा पर्यटक मेणा दरवाजाच्या अंगाने गडावर शिरतो. राणीवसा, राजसभा, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वराचे मंदिर आणि महाराजांची समाधी पाहून तो त्याच वाटेने परततो. दीड हजारांच्या आसपास पायऱ्यांची जी वाट आहे, तिच्यावरचा खुबलढा बुरूज आणि दोन भक्कम बुरुजांच्या आड दडलेला, जवळ जाईतो न दिसणारा महादरवाजा त्याला दिसतच नाही. रायगड अवघड का होता हे ज्याने समजते तोच भाग सुटतो. धडधाकट वाचकांनी एक बाजू पायी करावी, असे सुचवावेसे वाटते. वर जाताना रोपवे आणि उतरताना पायऱ्या केल्या तरी गड निम्म्याहून अधिक कळतो. गुडघे दुखत असतील तर हाच क्रम उलटा करावा, कारण उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो.

मात्र ज्यांना एकही बाजू पायी जमणार नाही, त्यांच्यापुढे हा युक्तिवाद करण्यात अर्थ नाही. १९९६ पूर्वी वृद्ध व्यक्ती, अपंग, हृदयविकाराचे रुग्ण यांच्यासाठी रायगड हे पुस्तकातील चित्र होते. आता ६ जूनच्या राज्याभिषेकाच्या तारखेला गडावर जाणाऱ्या गर्दीत काठी टेकीत चालणारेही असतात. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश केला त्यांत रायगड आहे. यापुढे गर्दी वाढेल, कमी होणार नाही. चार मिनिटांत माणसे वर पोहोचविणारे यंत्र असले म्हणजे प्रश्न यंत्राच्या क्षमतेचा राहत नाही. वरच्या टाक्यांतील पाणी, स्वच्छतागृहे, कचरा आणि जुन्या जोत्यांवर पडणारी पावले यांचा होतो.

दोर ताठ का नसतो?

पाळण्यात बसलेल्या अनेकांना वर पाहिल्यावर शंका येते की दोर झोळ का खातो. तो ताणून बसविला असता तर अधिक सुरक्षित झाला नसता का? घरातील कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर याचे उत्तर मिळते. दोरी अगदी ताठ बांधली आणि मधोमध ओले घोंगडे टाकले तर खिळाच उपटून येतो. तीच थोडी सैल ठेवली तर भार सहज पेलते. झोळ जितका कमी तितका दोरावरील ताण अधिक, आणि पूर्ण सरळ दोराला तर भार पेलण्यास अमर्याद ताण लागेल. म्हणून रज्जुमार्गाचा झोळ हिशेबाने ठेवलेला असतो. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, थंडीने आकुंचते, गर्दीनुसार भार बदलतो. तरी ताण कायम राहावा म्हणून कित्येक ठिकाणी दोराच्या एका टोकाला काँक्रीटचा अवजड ठोकळा खड्ड्यात टांगलेला असतो.

येजा करणाऱ्या पाळण्यांच्या मार्गात सामान्यतः दोन प्रकारचे दोर असतात. एक स्थिर असतो. पाळण्याच्या माथ्यावरील चाके त्यावरून रुळावरून धावावीत तशी धावतात. म्हणून त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवण्यासाठी बाहेरच्या तारा एकमेकींत अडकतील अशा खास आकाराच्या घेतलेल्या असतात. दुसरा दोर ओढणारा. तो वरच्या किंवा खालच्या स्थानकातील मोठ्या चाकाला वळसा घालून फिरतो. पाळण्याचा भार स्थिर दोर वाहतो आणि हालचाल ओढदोर घडवितो. ओढदोर तुटला तर पाळणा खाली कोसळत नाही, तर स्थिर दोरावरून घसरत सुटतो. त्या क्षणी माथ्यावरील आणीबाणीचा ब्रेक आपोआप स्थिर दोर घट्ट पकडतो आणि पाळणा जागच्या जागी थांबतो. थांबला पाहिजे, असे म्हणणे अधिक बरोबर.

कारण २३ मे २०२१ रोजी इटलीत मोत्तारोने डोंगरावर तो थांबला नाही. वरच्या स्थानकाच्या अगदी जवळ ओढदोर तुटला, केबिन उलट दिशेने घसरत गेली आणि कोसळली. चौदा जण मृत्युमुखी पडले. वाचले ते एक लहान मूल. तपासात आढळले की आणीबाणीचा ब्रेक विनाकारण लागून फेऱ्या खोळंबतात म्हणून तो लागूच नये अशा चापांनी अडकवून ठेवलेला होता. दोर तुटला नसता तर त्या अडकविलेल्या ब्रेकची वार्ताही कोणाला लागली नसती. रोपवे मध्येच थांबला म्हणून चालकाशी हुज्जत घालणाऱ्या प्रवाशांनी ही घटना आठवावी. थांबणारा रोपवे आपले काम करीत असतो.

माणसे वाहण्याआधी माती

दोरावरून भार वाहण्याची कल्पना जुनी आहे. १६४४ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराज चौदा वर्षांचे असताना, युरोपातील ग्दान्स्क शहरात आडाम वीब या डच अभियंत्याने तटबंदीच्या कामासाठी मातीच्या टोपल्या दोरावरून नदीपलीकडे नेण्याची व्यवस्था उभारली होती. दोर अर्थातच अंबाडीचा होता. पोलादी तारांचा पीळ दिलेला दोर जर्मनीत हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये वापरात आणला आणि मगच माणसांचा जीव दोरावर सोपविण्याचा विचार शक्य झाला. १९०८ मध्ये आल्प्समधील बोत्सेन येथे आणि १९१२ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या शुगरलोफ टेकडीवर प्रवासी मार्ग सुरू झाले. रिओचा मार्ग नव्या केबिन घेऊन आजही चालू आहे.

दुर्घटनांची उजळणी

पावागडचा प्रवासी रोपवे १९८६ पासून चालतो. १९ जानेवारी २००३ रोजी त्याचा दोर तुटून सात भाविक ठार झाले. त्याच डोंगरावर ६ सप्टेंबर २०२५ रोजी बांधकामाचे साहित्य वाहणारा रोपवे कोसळून त्यात बसलेले सहा जण मरण पावले. प्रवासी रोपवे त्या दिवशी खराब हवामानामुळे बंद ठेवलेला होता. साहित्यवाहू पाळण्याला प्रवासी पाळण्याइतके अडथळे, ब्रेक आणि तपासण्या नसतात, ही बाब डोंगरी बांधकामांवर काम करणाऱ्या मजुरांना कोणी समजावून सांगतो का?

गुलमर्गला जून २०१७ मध्ये दोर शाबूत होता, यंत्रही शाबूत होते; वादळी वाऱ्यात झाड उन्मळून दोरावर पडले आणि केबिन कोसळून सात जण गेले. झारखंडमधील देवघरजवळ त्रिकूट डोंगरावर १० एप्रिल २०२२ रोजी, ऐन रामनवमीला, रोपवे बंद पडून कित्येक जण हवेत अडकले. हवाई दल, लष्कर, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि आपत्ती प्रतिसाद दलाने चाळीस तासांहून अधिक काळ सुटकेचे काम केले. तीन जीव गेले. त्यांतील दोघे तर हेलिकॉप्टरने सोडविताना खाली पडले. हिमाचलातील परवाणूच्या टिंबर ट्रेलवर ऑक्टोबर १९९२ मध्ये असाच प्रसंग ओढवला होता. तेव्हा लष्कराचे मेजर इव्हान क्रॅस्टो हेलिकॉप्टरमधून केबिनच्या छतावर उतरले आणि अडकलेल्यांना धीर देत त्यांनी रात्र तेथेच काढली. दुसऱ्या दिवशी सुटका पूर्ण झाली. पुढे त्यांना कीर्तिचक्र मिळाले.

या घटना एका माळेत ओवल्या की रोपवे म्हणजे मृत्यूचा सापळा असे वाटू लागते, आणि ते वस्तुस्थितीला धरून नाही. घाटरस्त्यांवरील अपघातांच्या तुलनेत रज्जुमार्गांवरील दुर्घटना विरळ असतात. परंतु घाटात गाडी बंद पडली तर प्रवासी उतरून कडेला उभा राहतो. दोरावर ती सोय नाही. म्हणून येथे सुटकेचा आराखडा आधी तयार असावा लागतो : वीज गेल्यास डिझेल इंजिन, तेही न चालल्यास हाताने फिरविण्याची सोय, आणि शेवटी प्रवाशाला पट्ट्यात बसवून दोरीने जमिनीवर उतरविण्याचे साहित्य व ते वापरता येणारी माणसे. दोराच्या आत तुटलेल्या तारा डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी चुंबकीय उपकरणाने ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र स्थानकावर असते व मर्यादा ओलांडली की फेऱ्या थांबवाव्या लागतात. अखेरच्या तपासणीची तारीख तिकीट खिडकीजवळ ठळक लावलेली असावी, ही मागणी प्रवाशांनी करण्यास हरकत नाही.

जाणाऱ्यांनी एवढे करावे : शनिवार-रविवार आणि सलग सुट्या टाळाव्यात, निघण्यापूर्वी फेऱ्या सुरू असल्याची दूरध्वनीवरून खात्री करावी, कारण देखभालीसाठी आणि वाऱ्यामुळे त्या बंद असतात. परतीची वेळ पाळावी. पाळणा मध्ये थांबल्यास दरवाजाला हात लावू नये आणि एका बाजूला गोळा होऊ नये.

आपल्या डोंगरांचे काय?

रोपवे आला की डोलीवाले, घोडेवाले, पायऱ्यांवरील ताक-लिंबूसरबत विकणारे यांच्या पोटावर पाय येतो. वैष्णोदेवीच्या प्रस्तावित रोपवेविरुद्ध कटऱ्यातील दुकानदार, घोडे व पालखीवाले २०२४ च्या अखेरीस रस्त्यावर उतरले ते यासाठीच. नाशिकच्या अंजनेरी-ब्रह्मगिरी प्रस्तावाला पर्यावरणप्रेमींनी गिधाडांच्या अधिवासाचे कारण देऊन विरोध केला. दोन्ही आक्षेप आपापल्या जागी योग्य आहेत आणि 'विकासाला विरोध' म्हणून ते झटकून टाकता येणार नाहीत.

नंदुरबार जिल्ह्यात मात्र हा प्रश्न आणखी एका बाजूने पाहावा लागतो. ब्राह्मणपुरीच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. शहाद्याहून तोरणमाळला आजही घाटरस्त्यानेच जावे लागते. महाशिवरात्रीच्या यात्रेत तो वाहनांनी भरून जातो आणि पावसाळ्यात दरडींची धास्ती असते. तोरणमाळला निदान रस्ता आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कित्येक पाड्यांवरून प्रसूतीसाठी अडलेल्या स्त्रिया आणि सर्पदंश झालेली माणसे बांबूला बांधलेल्या झोळीतून, खांदेकरी बदलत, रस्त्यापर्यंत आणावी लागतात. अशा बातम्या या जिल्ह्यातून जवळपास दर पावसाळ्यात छापून येतात.

रज्जुमार्ग हे केवळ पर्यटनाचे साधन नाही, हे दक्षिण अमेरिकेने दाखविले आहे. कोलंबियातील मेदेयिन शहराने २००४ मध्ये डोंगरउतारावरील गरीब वस्त्या रोपवेने थेट मेट्रोला जोडल्या. बोलिव्हियातील ला पाझ शहरात २०१४ पासून रोपवे हेच रोजच्या नोकरदारांचे वाहन झाले. आपल्याकडे वाराणसीत शहरी वाहतुकीच्या रोपवेची पायाभरणी २०२३ मध्ये झाली. हे तिन्ही दाट वस्तीचे प्रदेश आहेत आणि तेथे प्रवासीसंख्येवर खर्चाचा मेळ बसतो. दहा-वीस घरांच्या पाड्यासाठी तसा मेळ बसणार नाही, हे उघड आहे. तेथे प्रथम बारमाही रस्ता आणि चालू स्थितीतील रुग्णवाहिका हवी. पण डोंगरी भागासाठीच्या रज्जुमार्ग योजनेचे प्रस्ताव तयार करताना गड, देवस्थाने आणि थंड हवेची ठिकाणे यांच्याखेरीज एखादी दरी लोकांच्या येण्याजाण्यासाठी तपासून पाहिली जाते का, हे जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी विचारावयास हवे. प्रस्ताव कागदावर असतानाच ते विचारता येते.